मटारच्या दाण्याएवढं मलम

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या भाचीचा साष्टांग नमस्कार (साष्टांगच, कारण माझं तोंड जमिनीकडे असलेलं सध्या सगळ्यांच्याच सोयीचं आहे). तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत, मी सोडून.

झालं असं की, तिशी उलटल्यावर माझ्या हनुवटीवर कॉलेजातल्या पोरीसारखे मुरुमाचे फोड आले. चष्म्याच्या दुकानातलं काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या नाकासमोर नाक नेऊन फ्रेम बसवायची. तोंड लपवणार कुठे? शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रेटिनॉइडच्या मलमाची ट्यूब दिली. झोपताना, कोरड्या चेहऱ्यावर, मटारच्या दाण्याएवढं, तेही एक दिवसाआड. आता एक दाणा अख्ख्या चेहऱ्याला कसा पुरणार, तूच सांग! (मला वाटलं, फोडागणिक एक दाणा.) शिवाय महिनोन्‌महिने वाट बघण्यापेक्षा रोज लावून लवकर मोकळं व्हावं, असा माझा शहाणपणा.

आठवडा होतो न होतो तोच चेहऱ्याची सालं निघायला लागली. पाणी लागलं की आग, हसलं की चिरा, आणि फोड जायचे सोडून कपाळापर्यंत पोचले. सासूबाई घाबरून म्हणाल्या, "अगं, भाजलीस की काय!" आमचे हे म्हणाले, "काही दिसत नाही गं," आणि उशी घेऊन जरा लांब सरकले. माझी तर पाचावर धारण बसली. एक कातडी गेली, खालचीही गेली, तर पुढे काय उरतं गं? न्हाणीघरातल्या आरशावर मी टॉवेल टाकून ठेवला. त्यात दुकानात एका आजोबांनी नवा चष्मा चढवला, माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईने काढून म्हणाले, "बाई, नंबर चुकलाय." मालकांनी दोनदा तपासला. नंबर बरोबर होता.

तशीच ओढणी गुंडाळून डॉक्टरीणबाईंकडे धावले. त्या आधी हसल्या, मग रागावल्या. काही दिवस मलम बंद, चेहऱ्याला साधं मॉइश्चरायझर, उन्हात जाताना सनस्क्रीन. सुरुवातीला फोड वाढतातच म्हणे. चेहरा कुठे जात नाही, धीर धरा, म्हणाल्या. तेव्हा काळजी करू नकोस. काकांना नमस्कार.

तुझी,
भाची

ता. क. निघताना बाईंनी सहज विचारलं, "पाळी वेळेवर आली ना?" पहिल्या भेटीतही विचारलं होतं, तेव्हा आली होती. या वेळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतच राहिले. बाईंनी लगेच तपासणी करून घेतली. मावशी, मला दिवस गेलेत. त्या म्हणाल्या, हे मलम गरोदरपणात लावत नाहीत, आता पुन्हा हात लावू नका. त्वचेतून फार थोडं आत जातं, बहुधा काही होणार नाही, पण बाळंतपणाच्या डॉक्टरांना नक्की सांगा. सगळं पटलं. फक्त तो 'बहुधा' घशाखाली उतरत नाहीये.

ता. क. २. घरात अजून कुणाला बोलले नाही. यांना सांगितलं तर हे आनंदाने गल्लीभर ओरडत सुटतील, आणि मला आधी नीट घाबरून घ्यायचंय. शुक्रवारी सकाळी सोनोग्राफी आहे. गुडघा दुखत असेल तर रिक्षाने ये, पण ये. धीराचं वगैरे काही बोलू नकोस. नुसती शेजारी बस.