रंगीत टीव्ही यंदा नाही

नाही आई, मी अजूनही तेच म्हणणार. चाळीचा टीव्ही व्होल्टेजने गेला नव्हता, तुझ्या झेंडूने गेला होता. तू शेवटपर्यंत मानलं नाहीस. आता तू बोलायची नाहीस, म्हणजे मीच जिंकलो म्हणायचं, पण असं जिंकण्यात काय मजा? घाटकोपरच्या आपल्या चाळीने वर्गणी काढून तो घेतला होता, लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. काचेपुढे ती निळी-हिरवी-लाल प्लास्टिकची शीट, तिच्यामुळे हिरोचं कपाळ निळं आणि पाय लाल दिसायचे, आणि आपण त्याला रंगीत म्हणायचो. त्या वर्षी दसरा रविवारी आला. टीव्हीची पूजा कोणी करायची, तर तू, कारण अंधेरीला अमेरिकेसाठी काँप्युटरचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तू कामाला. "मान बाईंचा," सगळे म्हणाले. तू नवी साडी नेसून हळद-कुंकू लावलंस, आणि बादलीत बुडवून ताजा ठेवलेला झेंडूचा हार टीव्हीवरून असा सोडलास की मागच्या जाळीवर पाणी ठिबकत राहिलं. संध्याकाळी पिक्चरची नावं सुरू झाली, फट् असा आवाज झाला, जळका वास आला, आणि अख्खी चाळ काळ्या काचेकडे बघत बसली.

"व्होल्टेज," तू म्हणालीस. कोणी विचारायच्या आत. मी म्हटलं, "आई, पाणी गेलंय आत, मागचं उघडून बघतो." तर सगळ्यांसमोर ओरडलीस, "मेल्या, हात लावशील तर बघ! आठवीत दोनदा बसलास, आणि टीव्ही उघडतोस? तुका काय कळता?" मागून कोणीतरी म्हणालं, "काय बाई, कारखान्यात पण हार घालता का? अमेरिकेत पोचेपर्यंत वाळत असेल, नाही?" सगळे हसले. तू हसली नाहीस, मीही नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने मागचं झाकण काढून बल्ब लावून आतली ओल वाळवली, एक भाग बदलला. म्हणाला, "बाई, पाणी गेलं होतं." तू हाताची घडी घालून उभी. "व्होल्टेजमुळे ओल आली असेल," म्हणालीस. त्या बिचाऱ्याने झाकण लावलं, म्हणाला, "तसंही असेल." मग माझा दंड धरून तू मला त्याच्यापुढे ढकललंस. "ह्याला ठेवा तुमच्याकडे. शाळेत बूड टेकत नाही, तुमच्याकडे टेकतं का बघा." मला वाटलं शिक्षा आहे. ती नोकरी निघाली.

तिथेही बूड टेकलं नाहीच म्हणा. घाटकोपर, मग कुर्ला, आणि आता इथे मस्कतला, टीव्ही-व्हिडिओच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. दुपारी शटर बंद असतं, बाहेर उन्हाने डांबर मऊ होतं, आणि मी एसीच्या खडखडीत बसून तुला लिहितोय. इथे रोज नवीन काहीतरी येतं आणि रोज नवीन रडगाणं. टीव्हीला रिमोट आला, तर माणूस येतो, म्हणतो, चालत नाही. बघतो तर सेल उलटे घातलेले. व्हिडिओ टेप गिळतो, लग्नाची टेप असेल तर बाई तिथेच रडायला लागते. हल्ली एक छोटा काँप्युटर आलाय, टीव्हीला जोडायचा. त्यातला खेळ कॅसेटवर असतो. टेपरेकॉर्डर लावायचा, मग तो मांजराची शेपटी चेंगरल्यासारखा ओरडत राहतो. घरातल्यांनी गप्प बसून वाट बघायची, आणि संपत आला की म्हणतो, पुन्हा पहिल्यापासून. लोक वैतागून इथे आणून आपटतात. मी टेपचं हेड स्पिरिटने पुसतो, एक बारीक स्क्रू थोडा फिरवतो, कधी जमतं, कधी नाही. पहिल्यांदा उघडला तेव्हा आत बारीक भाग टोचलेली हिरवी पाटी दिसली, तुझ्या कारखान्यात असायची तशी. मी एकदा तुला विचारलं होतं, ही पाटी काय काम करते गं? तू भाकरी थापत होतीस. म्हणालीस, "मी तिच्यात माझे दहा बारीक काटे बसवते आणि पाटी शेजारणीकडे सरकवते. पुढचं तिला विचार." शेजारणीलाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं डोक्याला टोपी, डोळ्यांवर ताण, आणि पुरा काँप्युटर तू कधी बघितलाच नाहीस. मी बघितला. स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी विचारतो आणि चौकोन लुकलुकत राहतो. त्याच्यापुढचं मला येत नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. घरून कॅसेट आली. पत्र लिहायचा बाबांना कंटाळा, म्हणून बोलून पाठवतात. टेपरेकॉर्डरमध्ये असे ओरडतात की जणू मस्कत कुर्ल्याच्या पलीकडे आहे आणि आवाज पोचवायचाय. "हॅलो! ऐकतोस ना? मी बाबा बोलतोय!" आता दुसरं कोण बोलणार! पुढे म्हणाले, "गणपतीला येशील तेव्हा रंगीत टीव्ही आण. समोरच्यांकडे आलाय. पोरं तिकडे जाऊन बसतात, मी एकटा गच्चीवर." मग खोकले. "आणि धाकटीचं सांगतो. बारावी झाली. आईच्या कारखान्यात भरती आहे, तिथल्या बाया ओळखीच्या, लगेच घेतील. ही म्हणते काँप्युटरच्या क्लासला जाते. अरे, मिलमध्ये नवी मशिनं आली तेव्हा पण सांगायचे, शिका, शिका. काय झालं मिलचं? आता मी मुलुंडला बिल्डिंगच्या गेटवर बसतो. तू समजाव तिला." बाबांचा राग खोटा नाही आई. मिलच्या संपात माणूस आतून कसा रिकामा झाला, ते तू बघितलंस.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज, चप्पल वाजत दारापर्यंत गेली, आणि धाकटी हळू आवाजात बोलायला लागली. "दादा, बाबा खाली गेले. ऐक ना. मी पार्ल्याला क्लास बघून आले. त्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, देवळासारखं. एसी एवढा की दात वाजतात, आणि तो एसी माणसांसाठी नाहीये, मशीनसाठी! मी विचारलं, मला एकदा दाबून बघू का? सर म्हणाले, बघ. मी माझं नाव टाइप केलं, ते स्क्रीनवर आलं. दादा, झकास वाटलं रे. पण फी खूप आहे. तुझा टीव्हीचा बेत असेल तर राहू दे. मी जाईन कारखान्यात. खरंच जाईन, रागाने नाही बोलत." एवढं झाल्यावर टेप खरखरत राहिली, बंद करायची विसरली बहुतेक. बाजूच्या खोलीत कुकरची शिट्टी ऐकू आली. मी तो भाग परत लावला, आणि परत.

दोन्ही होणार नाही आई. फी भरली तर टीव्ही नाही, आणि टीव्ही नाही तर गणपतीला रिकाम्या हाताने जायचं. कारखान्यातल्या बायकांनी धाकटी लहान असतानाच तुला म्हटलं होतं, मोठी झाली की आण हिला, हात नाजूक आहे. तू घरी येऊन मोरीत पाय धुता धुता म्हणालीस, "माझी पोर त्या स्टुलावर बसायची नाय." कोणाला उद्देशून नाही, नळालाच सांगितल्यासारखं. मी ऐकलं होतं, बाबांनी नाही. क्लास करून नोकरी लागेल का, काय माहीत. सगळे म्हणतात काँप्युटर माणसांच्या नोकऱ्या खाणार. पण मी इथे रोज बघतो, तो येतोच आहे, कोणाला विचारत नाहीये. मग आपल्यातलं कोणीतरी त्याला काय विचारायचं ते शिकून ठेवायला नको? मला ते जमलं नाही, तिला जमेल. नाव टाइप केलं म्हणून जिचा आवाज असा होतो, तिला जमणारच. बाबांना कॅसेटवर मीच सांगेन. ओरडून सांगेन, म्हणजे त्यांना पटेल.

हे तुला कुठे पाठवू, पत्ताच नाही. पण तुझ्याजवळ बोलतो, दुसऱ्या कोणाजवळ हे बोलता येणार नाही. मला तो टीव्ही स्वतःसाठी हवा होता. बघायला नाही. टॅक्सीच्या टपावर खोका बांधून चाळीत शिरायचं होतं, लोकांनी गॅलरीत यायला हवं होतं, आणि कोणीतरी म्हणायला हवं होतं, बाईंचा मुलगा आला. शेठने माझ्यासाठी एक खोका बाजूला ठेवला होता, रोज येता-जाता मी त्यावर हात ठेवायचो. आज सकाळी त्याला सांगितलं, विकून टाका. मग बँकेत जाऊन धाकटीच्या नावाने ड्राफ्ट काढला. साडेचार हजार रुपये.