गैरहजर शुक्रवार

२ मार्च, सोमवार. संध्याकाळी ७:१०

आजपासून रोजनिशी. नियम: रोज लिहायचं, त्याच दिवशी लिहायचं, तारीख आणि वेळ घालायची, भावना घालायच्या नाहीत. वजनकाटे तपासण्याच्या प्रयोगशाळेत चार वर्षं काढल्यावर एवढं तरी अंगात मुरतंच. निदान माझ्या.

ताईचा फोन. तिला हॉस्पिटलात महिनाभर दुपारपाळी लागली आहे. भावजी घरी असून नसल्यासारखे. भाचीचं प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष संपत आलंय, तर मी संध्याकाळी तासभर जाऊन बसावं. शिकवायचं काय काय, असं मी विचारलं. नको गं बाई, काही शिकवू नकोस, नुसती बस तिच्या शेजारी, म्हणाली.

ताईला मदतसुद्धा नीट मागता येत नाही.

३ मार्च, मंगळवार. ७:२५

भाचीकडे एक वही आहे. वर्गाच्या बाईंनी जूनमध्ये सगळ्यांना दिली. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला तीन रकाने भरायचे: काय शिकले, कोणी मदत केली, काय चुकलं. २७ तारखेला प्रत्येकाने स्वतःच्या वहीतलं हवं ते पान सभागृहात आईबापांपुढे वाचायचं. मग मुलं मोठ्या शाळेत.

एकूण शुक्रवार ३६. भरलेले ११. उरलेली पानं कोरी. का, म्हणून विचारलं तर म्हणे, सुचलं नाही की पान सोड असं बाईच सांगतात. पान सोड! आमच्याकडे रजिस्टरमध्ये एक ओळ सुटली तर खुलासा लिहून द्यावा लागतो.

भरलेल्यांपैकी काही नमुने:

काय शिकले: भागाकारात बाकी उरली तरी उत्तर बरोबर असतं. कोणी मदत केली: माझ्या मागे बसते तिने. काय चुकलं: मी बाकी खोडत होते.

काय शिकले: दोन बोटांनी शिट्टी. कोणी मदत केली: फाटकावरच्या काकांनी. काय चुकलं: वाचनाच्या तासाला वाजवली.

काय शिकले: डोकं दुखतंय म्हटलं की कवायत चुकते. कोणी मदत केली: कोणी नाही. काय चुकलं: तिसऱ्यांदा म्हटलं.

यात मोजण्यासारखं काही नाही. खाली बाईंनी चांदण्या काढल्या आहेत, त्याही एका मापाच्या नाहीत. पट्टी लावून पाहिली. शिट्टीची चांदणी २३ मिलिमीटर, भागाकाराची १४. अशा माणसांच्या हाती आपण मुलं सोपवतो.

भाचीला २७ तारखेला शिट्टीचं पान वाचायचंय आणि वाचून झाल्यावर शिट्टी वाजवून दाखवायची आहे. आरशासमोर सराव चालू आहे. बघू, म्हटलं. म्हणजे नाही.

४ मार्च, बुधवार. ७:००

योजना तयार. पंचवीस कोरी पानं भरून काढायची. साधनं: पाठ्यपुस्तकांची अनुक्रमणिका, भाचीची स्मरणशक्ती (अविश्वसनीय), माझी (विश्वसनीय). प्रत्येक नोंदीत एक आकडा. आठवड्याच्या चुका जूनमध्ये नऊ, मार्चमध्ये शून्य. आलेख काढला. एकसारखा उतरता, कुठे खळगा नाही, उंचवटा नाही. ताईला पाठवला. तिने नुसता अंगठा पाठवला. आलेख वाचता येणं ही एक दृष्टी असते.

संकल्प: आवाज चढवायचा नाही. चहा दिवसाला दोनच कप.

६ मार्च, शुक्रवार. ७:३०

आज प्रयोगशाळेत एकाला पकडलं. शेजारच्या टेबलावरचा. मी त्याला मनातल्या मनात सरासरी म्हणते, कारण तीन रीडिंग घ्यायची असली की तो एक घेतो आणि दोन रचतो. पाचशे किलोच्या काट्याची १९ फेब्रुवारीची तीन रीडिंग त्याने रजिस्टरमध्ये लिहिली आहेत. १९ तारखेला तो काटा वर्कशॉपात सुटा होऊन पडला होता. पोचपावतीवर सही माझी.

सरळ साहेबांकडे गेले. सरासरी म्हणतो कसा, मॅडम, आदल्या दिवशी तेच आलं, दुसऱ्या दिवशी तेच आलं, मग मधल्या दिवशी काय निराळं येणार होतं? मी म्हटलं, जो काटा जागेवरच नाही त्याची नोंद ही चूक नव्हे, खोटेपणा आहे. साहेब माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. कौतुक असावं.

शिक्षा: तीन महिने रजिस्टरला हात लावायचा नाही. जुन्या माणसाच्या शेजारी बसून नुसतं बघायचं. फारच सौम्य. बघत बसायला काय लागतं?

संध्याकाळी भाचीकडून सहा शुक्रवार लिहून घेतले.

९ मार्च, सोमवार. ७:१५

आणखी नऊ. पाच निरनिराळी पेनं वापरतो आहोत, म्हणजे एका बैठकीत भरल्यासारखं दिसत नाही. सरासरीला एवढंही सुचलं नव्हतं. सगळं एकाच निळ्या पेनाने.

भाचीने मध्येच विचारलं, मावशी, या शुक्रवारी मी खरंच गटात काम करताना इतरांच्या मताचा आदर करायला शिकले? शिकली असशील, म्हटलं. मग मदत कोणी केली? गटाने. गटात कोण कोण होतं? पुढचं लिही, म्हटलं. आवाज चढवला नाही. चहा चौथा.

गैरसमज नको म्हणून लिहून ठेवते: ही बनावट नोंद नव्हे. काटा हे यंत्र आहे, त्याला काही आठवत नाही. मुलीला आठवतं, मी फक्त आठवून देते.

११ मार्च, बुधवार. ७:०० (हे शुक्रवारी लिहिते आहे. वेळ अंदाजे. पण अंदाज माझा आहे.)

भाचीची एकाग्रता सुधारली. पूर्वी अखंड बडबड असायची. आता सांगेन ते लिहिते आणि गप्प बसते. आरशासमोर उभं राहणं बंद. शिट्टी बंद. भावजी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, पोरगी अशी गप्प गप्प का आहे हो, बरं नाही का तिला? ज्यांनी वर्षभरात या वहीचं कव्हर पाहिलं नाही, त्यांचं हे निदान.

१३ मार्च, शुक्रवार. ७:४०

३६ पैकी ३६. वही सकाळी शाळेत गेली.

२७ तारखेसाठी मी शेवटच्या पानावर 'माझ्या प्रगतीचा आढावा' लिहवून घेतला आहे. ४१२ शब्द. भाचीने विचारलं, यात शिट्टी कुठेय? यात शिट्टी बसत नाही, म्हटलं. मग मला वाचायचंच नाही, म्हणाली आणि चपला न घालता खाली निघून गेली.

स्टेजची भीती. मला या वयात ती नव्हती. माझं भाषण आईने लिहून दिलं होतं आणि मी ते एकही चूक न करता म्हटलं होतं. विषय काय होता, ते मात्र आठवत नाही.

१७ मार्च, मंगळवार. ६:५०

बाईंची चिठ्ठी: उद्या भेटायला या. चिठ्ठी ताईला नाही, 'मावशींना' आहे. म्हणजे काम कोणाचं, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या वर्षी सगळ्या शाळेसाठी हाच फॉरमॅट हवा असणार. चौदा स्लाइडचं प्रेझेंटेशन केलं. निळ्या शर्टाला इस्त्री.

संकल्प: हुरळून जायचं नाही. मानधन सुचवलं तर नको म्हणायचं. एकदाच.

१८ मार्च, बुधवार. ६:४५

बाईंनी मुलांच्या खुर्चीवर बसवलं. बैठकीची उंची साधारण तीस सेंटिमीटर. गुडघे हनुवटीपाशी. लॅपटॉप उघडला, तर म्हणाल्या, ते राहू द्या.

त्यांनी टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या: भाचीची वही आणि वर्गाचा हजेरीपट. मग तीन तारखांवर एकामागून एक बोट ठेवलं. तिन्ही शुक्रवारी भाची गैरहजर. वहीत मात्र त्याच तीन शुक्रवारी ती शाळेत बसून नकाशावाचन, वेळेचं नियोजन आणि इतरांच्या मताचा आदर शिकली आहे. बाईंनी विचारलं, मुलगी घरी होती, मग हा गट भरला कुठे?

तारखांमध्ये किंचित त्रुटी राहिली असेल, म्हटलं.

बाई म्हणाल्या, तारखांचं सोडा हो. मुलं अशी सलग शहाणी होत नाहीत. या आठवड्यात येतं, पुढच्या आठवड्यात जातं, मग कधीतरी परत येतं. तुमच्या पंचवीस पानांत ही पोर एकदाही काही विसरलेली नाही. मी तिला विचारलं, तर म्हणाली, अक्षर माझं आहे.

मी हजेरीपट पुन्हा पाहिला. तीनपैकी दोन शुक्रवार लागोपाठचे, नोव्हेंबरमधले. कांजिण्या. आठ दिवस रजा काढून तिच्यापाशी कोण बसलं होतं? मीच. विसरले नव्हते. ते शिक्षणाच्या वर्गवारीत धरलं नव्हतं, इतकंच.

बाईंनी ती पंचवीस पानं फाडली नाहीत, ठिकठिकाणी चिमटे लावून बंद केली. वही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, मागे कोरी पानं आहेत. तिला आठवेल तेवढंच लिहू दे, नाही आठवलं तर राहू दे. वाचणार नाही म्हणते आहे, मी जबरदस्ती करणार नाही. पण तुमच्यामुळे अडून बसली आहे ती, तर तुम्हीच एक करा. रोज तासभर तिच्या शेजारी बसा. बोलू नका.

जिना उतरताना आठवलं, हे आधी ताई बोलली होती. सरासरीला साहेबांनीही जवळपास हेच सांगितलं. तीन जागी तीन वेगळ्या माणसांकडून एकच रीडिंग आलं, तर ते बरोबर धरायचं असा नियम आहे. अपवाद असतात.

१९ मार्च, गुरुवार. ७:१०

शेजारी बसले. ६० मिनिटांत १४ वेळा बोलले. भाचीने काही लिहिलं नाही. वहीकडे पाठ करून नखं खात बसली.

तिला म्हटलं, ती पानं मी लिहायला नको होती. (१४ मध्ये हे धरलं आहे.) ती म्हणाली, हं.

२० मार्च, शुक्रवार. ७:१०

९ वेळा. त्यातल्या चार वेळा, नखं खाऊ नकोस.

२३ मार्च, सोमवार. ७:०५

४ वेळा. आज ती आपणहून बोलली: मावशी, तुझं ते थर्मामीटर अजून आहे का गं? आहे, म्हटलं, तपासणीचा दाखला ऑगस्टपर्यंत चालतो. यावर ती इतकी हसली की भावजींनी टीव्हीचा आवाज कमी केला. दाखल्यात हसण्यासारखं काय, कळलं नाही. मग हाताचा आडोसा करून काहीतरी लिहिलं. मी छताकडे बघितलं. छताला भेग आहे. सुमारे ४० सेंटिमीटर.

२५ मार्च, बुधवार. ७:१०

१ वेळा. पेन्सिल पडली तेव्हा, पेन्सिल, असं म्हटलं.

वाचणार आहेस का, हे विचारलं नाही. जीभ चावून धरली. परत निघाले तेव्हा जिन्यात शिट्टी ऐकू आली. वरून. मी चार पायऱ्या थांबले. म्हणजे चार पायऱ्या उतरायला लागतो तेवढा वेळ.

२७ मार्च, शुक्रवार. ६:३०

सभागृह. तिसरी रांग. ताई पाळी बदलून आली होती. एकाचा बाप आपल्या मुलाने वाचलेलं सगळं ओठांनी म्हणत होता, अक्षर न अक्षर. अशा लोकांची कीव येते.

भाचीचा नंबर एकोणिसावा. उभी राहिली, वही उघडली आणि अकरा सेकंद काहीच नाही. अकरा मी मोजले. ताईने माझं मनगट धरलं. मग भाचीने वाचलं. मी नंतर वहीत पाहून उतरवून घेतलं आहे:

'चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. मी शाळेत गैरहजर. काय शिकले: खाज सुटली तर खाजवायचं नाही, आकडे मोजायचे. मी सहाशेपर्यंत गेले. कोणी मदत केली: मावशीने. ती आठ दिवस कुठेच गेली नाही. काय चुकलं: मावशीचं. ती दर दहा मिनिटांनी ताप मोजायची, म्हणून मला झोप लागायची नाही. पण मी तिला सांगितलं नाही, कारण मोजलं की तिला बरं वाटायचं.'

सभागृह हसलं. ताई तर डोळे पुसत होती. भावजींचं म्हणणं, मीही हसत होते आणि मीही डोळे पुसत होते. पुरावा नाही.

मग तिने शिट्टी वाजवली. दोन बोटांनी. खूप मोठी. किती मोठी ते मोजायचं राहिलं.

३० मार्च, सोमवार. ६:२०

डब्याच्या वेळी सरासरीच्या समोर बसले. नुसतं बघत बसणं कसं काय चाललंय, विचारलं. म्हणाला, मॅडम, पहिले आठ दिवस जीव जातो. मग काटा थरथरताना दिसायला लागतो. इतकी वर्षं काम केलं, कधी थांबून बघितलं नव्हतं. मी म्हटलं, त्यात विशेष काय? मग भेंडी छान झाली आहे, असंही म्हटलं. का म्हटलं, ठाऊक नाही.

भाचीने एक कोरी वही आणून दिली आहे. कव्हरवर 'मावशीची वही'. आत तीन रकाने आखलेले, तिसरा पहिल्यापेक्षा चार मिलिमीटरने अरुंद. दर शुक्रवारी भरायची आणि त्याच शुक्रवारी भरायची, अशी ताकीद. तिला म्हटलं, हे मला सांगतेस?

३ एप्रिल, शुक्रवार. ६:००

काय शिकले: नोंद ज्या दिवसाची त्याच दिवशी करावी. (हे मला आधीपासून माहीत होतं.)

कोणी मदत केली: भाचीने.

काय चुकलं: आज रविवार आहे.