जाळ्याचे मणी

॥ श्री ॥
चांदा, ता. ८ ऑक्टोबर १९५६

ती. सौ. वच्छलाबाईस धाकट्या भावाचा, गुणवंताचा शि. सा. नमस्कार. वि. वि. इकडील क्षेम आहे, म्हणजे आजपर्यंत तरी आहे. तिकडचं कळवावं.

बाई, इथी मिठाची आवई उठली आहे. पुढच्या महिन्यात प्रांत बदलून आपण मुंबईले जोडले जाणार, मंग मिठाच्या आगगाडीच्या वाघिणी इकडं येणारच नाईत, असं कोण्या भल्या माणसानं बाजारात सोडून दिलं. झालं! शुक्रवारी एका दुकानाचं दार मोडून लोकांनी मीठ नेलं, गूळ नेला, तराजूसुद्धा नेला. तराजू कशाले नेला असंल, सांग बरं!

काल व्यापाऱ्यांची सभा झाली. पोलीस थोडे, दुकानं जास्त, तवा ज्याच्याजवळ हत्यार असंल त्यानं ते घेऊन आपापल्या दुकानात बसावं, असं ठरलं. एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले की हे सरकारचं काम आहे, आणि हत्यार घेऊन बसलेल्या माणसाले समोरचा प्रत्येकच चोर दिसते. सगळ्यांनी ओरडून त्यांले खाली बसवलं. त्यात मीही होतो. पण घरी आल्यापासून जिवाले चैन नाई. माझ्या हातून आजवर एक घूस मेली नाई. तरी भाऊजींची ठासणीची बंदूक आठ दिवसांकरता मिळंल काय? हे किराण्याचं दुकान गेलं तर मी कुठी जाऊ?

भाऊजींस नमस्कार. माया आहे तशीच ठेवावी, ही विनंती.
तुझा, गुणवंत

॥ श्री ॥
पारडी, ता. १३ ऑक्टोबर

चि. गुणवंतास वच्छलाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं.

अरे, एवढा मिशीवाला माणूस तू आणि मिठापायी थरथरून राह्यला! बांगड्या पाठवू काय? यांनी आधी साफ नाई म्हटलं. लायसन धानातल्या डुकरांसाठी आहे, माणसांसाठी नाई, असं म्हणून पाठ फिरवून झोपले. मी दोन दिवस बोलले नाई, तवा बंदूक खुंटीवरून खाली आली.

ती मंगरूबरोबर पाठवून राह्यली. आपल्या नदीवर मासे धरणारा, तुले पोहायला शिकवणारा तोच, लाजू नको त्याले, आठ दिवस दुकानात ठेवून घे. छर्रे संपले होते, म्हणून त्याच्या बायकोनं, मैनानं जाळ्याच्या काठाचे शिशाचे मणी तोडून दिले. ती स्वतः ओतते ते, खराट्याची काडी घालून भोक पाडते, आणि भोक दर खेपेले तिरपंच पडते. मंगरू तिले त्यावरून रोज चिडवते. बंदूक नुसती दिसू दे, झाडू नको. आणि मंगरूले पोटभर जेवू घाल, पानात भात कमी पडला तर तो सांगणार नाई.

सर्वांस यथायोग्य. बहिणीले विसरू नये.
वच्छला

॥ श्री ॥
चांदा, ता. १९ ऑक्टोबर

ती. बाईस शि. सा. नमस्कार. वि. वि. घाईत लिहून राह्यलो, अक्षर समजून घे.

काल भरदुपारी बाजार फुटला. किती माणसं होती देव जाणे, नुसती धूळ आणि आरडाओरडा. माझ्या दुकानाची पुढची फळी तोडून मिठाची पोती ओढली. मी माळ्यावर होतो. मंगरू खाली होता, तो गर्दीत शिरला, आणि त्याले खांद्याखाली गोळी लागली. कोणी झाडली ते कळलं नाई. अशा गर्दीत काय कळते? बंदुकीचा आवाज झाला आणि सगळे पांगले. दुकान वाचलं. व्यापारी येऊन माझी पाठ थोपटून राह्यले, पण मले अन्न गोड लागत नाई.

दवाखान्यात पट्टी बांधली. घरीच जातो असा त्यानं हट्ट धरला, म्हणून आजच्या मोटारीनं पाठवला. सोबत बंदूक आहे, आणि मैनाबाईसाठी चांगलं गठडीभर मीठ आहे. तिले म्हणावं, काही लागलं तर मी आहो.

कृपा असू द्यावी.
गुणवंत

॥ श्री ॥
पारडी, ता. २८ ऑक्टोबर

गुणवंतास आशीर्वाद.

मंगरू गुरुवारी सकाळी गेला. आधी ताप चढला, मंग धनुर्वातानं दातखीळ बसली, मंग तोंडात पाणीही जाईना.

आता मी काय लिहिते ते नीट वाच. जाण्याच्या दोन दिवस आधी मैना कडुनिंबाच्या पाण्यानं जखम धुत होती. मी दिवा धरून जवळच होते. जखमेतून शिशाचा मणी निघाला. दबलेला होता, पण मधलं भोक तिरपं. मैनानं तो धुतला, दिव्याजवळ नेला आणि माझ्याकडं पाहिलं. गुणवंता, तो तिनंच बंदुकीसाठी तोडून दिलेला मणी होता. यांनी ऐकलं आणि बंदूक घेऊन गडचिरोलीले ठाण्यात गेले.

बांगड्यांची थट्टा मी केली होती. यांच्याशी भांडून बंदूक मीच काढवली. हे मी मैनाले माझ्या तोंडानं सांगितलं.

मंगरूनं तुझं नाव घेतलं नाई. त्यानं एवढंच सांगितलं की कोणीतरी मिठाचं पोतं पळवून राह्यला होता, ते त्याच्याजवळून हिसकून डोक्यावर घेतलं आणि दुकानात परत आणून राह्यलो होतो. तापात तेच विचारत होता, पोतं पोचलं काय म्हणून. मैनालेही तुझ्याकडून तेवढंच पाहिजे. पोतं पोचलं काय?

वच्छला

॥ श्री ॥
चांदा, ता. १ नोव्हेंबर

ती. वच्छलाबाईस आणि मैनाबाईस गुणवंताचा नमस्कार.

मीच झाडली. पोतं डोक्यावर असलेला माणूस धुळीतून पळत आला. तोंड पोत्याखाली झाकलेलं. तो दुकानाकडं येऊन राह्यला की दुकानाकडून जाऊन राह्यला, हे मी पाहिलंच नाई. पोतं तेवढं पाहिलं. तो पडला तवा चेहरा दिसला.

त्यानं घरी जायचा हट्ट धरला नव्हता. दवाखान्यातले त्याले ठेवून घ्या म्हणत होते, उद्या जखम उघडून गोळी काढू म्हणत होते. गोळी निघाली तर मणी निघंल, म्हणून मी त्याले मोटारीत बसवला. मोटार सुटताना तो मले म्हणाला की भाऊ, बाईले काही सांगू नका, उगीच जीवाले लावून घेईल. बाई, त्याले सगळं माहीत होतं.

आता ठाण्यात चाललो. पत्र आधी टाकतो, म्हणजे वाटेत माझं मन फिरलं तरी तुमच्या हाती हे असंल. ज्या गृहस्थाले आम्ही सभेत खाली बसवलं, त्यांच्या घरावरूनच वाट आहे.

मैनाबाई, पोतं पोचलं. माझ्याच उंबऱ्यावर पडलं, तिथंच फुटलं. ते उचलून ठेवायचीही मले लाज वाटली. म्हणून त्यातलंच मीठ गठडीत भरून मी तुमच्याकडं पाठवलं.

माया ठेवा असं आज लिहवत नाई.
गुणवंत