आता तुमचा पोर्टफोलिओ दाखवा

ती. सौ. कोकिळाअक्कास,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देत असावेत. रविवारी ललितसाठी मुलगी बघायला तुम्ही धुळ्याहून अमळनेरला येताय, त्याआधी हे पत्र नीट वाच. आमच्या कॉलेजात क्रांती झाली आहे!

वर्षभर मी विद्यार्थ्यांच्या मागे लागलो होतो, ई-पोर्टफोलिओ भरा म्हणून. (म्हणजे केलेलं काम, म्हटलेल्या श्लोकांचं रेकॉर्डिंग आणि शेवटी 'आत्मचिंतन': काय चुकलं, त्यातून काय शिकलो. सगळं कॉलेजच्या वेबसाइटवर.) पोरांनी टाकले गॉगल घातलेले स्वतःचे फोटो. आत्मचिंतनात एकाने 'लागू नाही' असं लिहिलं. (आत्मा नाकारणारे पंडितही इतकं थोडक्यात आटोपत नसत.)

मग वर्गातल्या डिंपलला बघायला पाहुणे आले. तिच्या आईने, बेबाबाईने, पोह्यांबरोबर मोबाइलवर तिचा पोर्टफोलिओही पुढे केला. पाहुण्यांनी श्लोक ऐकले, चुका वाचल्या, माना डोलावल्या, मुलगी पसंत म्हणाले. तेवढ्यात डिंपल म्हणाली, "आता तुमचा दाखवा." मुलाने बुलेटवर बसलेले फोटो दाखवले. तिने ते शेवटपर्यंत शांतपणे पाहिले आणि मी वर्गात देतो तस्सा अभिप्राय दिला: "छायाचित्रं उत्तम. आत्मचिंतन आढळलं नाही. पुन्हा सादर करा." पाहुणे चहा न घेताच उठले!

अक्का, तेव्हापासून नुसती धांदल! मुलींनी ठरवलंय, पोर्टफोलिओ नसलेला मुलगा बघायचाच नाही. मुलं कॉम्प्युटर लॅबपुढे रांगा लावून एकमेकांना आपल्या चुका विचारतात, "मनं काय काय चुकेल शे, सांग ना भो!" (मित्र अत्यंत आनंदाने सांगतात.) एक तोतारामआबा तर मुलाचं लग्न जमेना म्हणून शेतातून थेट वर्गात आले, "सर, मना पोऱ्यानं बी हाई भरी द्या, तीस वरीसना व्हयना तो!" विद्यार्थी आपणहून स्वतःच्या चुका शोधतायत, हे दृश्य मी या जन्मी पाहीन असं वाटलं नव्हतं.

तुझा,
ज्ञानेश्वर

ता. क. तुम्ही बघणार ती सुलक्षणा माझ्याच वर्गातली. तिने ललितचा पोर्टफोलिओ मागितलाय. त्याला फोन केला, तर म्हणाला, "मामा, मी कुठं चुकलोय कधी?" हे तिच्या कानावर गेलं तर संपलंच. शनिवारपर्यंत त्याच्याकडून निदान दोन-चार चुका काढून घे. मुलगी लाखात एक आहे, हातची घालवू नका.

पुन्हा ता. क. ती होणाऱ्या सासूबाईंचाही बघणार म्हणते. तू रागावशील म्हणून तुला विचारलं नाही, तुझा पोर्टफोलिओ दाजीच परस्पर भरतायत. बाकी सगळं अजून कोरं आहे. पण आत्मचिंतनाला जागा पुरत नाही, वाढवून मिळेल का, असं विचारायला काल त्यांचा फोन आला होता.