उंबऱ्याबाहेरची चूल

महागाव,
ता. ९ नोव्हेंबर १९६१

भावसिंग व्याही यांस रुपीबाईचा रामराम.

इकडे सर्व ठीक. कापसाची पहिली वेचणी झाली. गाय व्याली, वासरू चांगलं आहे. तुमचा गुडघा आता बरा असेल.

आता कामाचं लिहिते. परवा मी तुमच्याकडून निघाले तेव्हा जमनी दाराची चौकट धरून उभी होती. हात सोडला असता तर पडली असती. बाळंतपणानंतर पोरीच्या ओठांना रंग उरला नाही. वणीच्या डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढली, तर आत पांढरं. तुमच्यासमोरच ते म्हणाले, "रक्त फार कमी आहे. गोळ्या द्या, आणि हिला कलेजी, अंडी खाऊ घाला." बाहेर आल्यावर तुम्ही गळ्यातली माळ चाचपून म्हणालात, "गोळ्या देऊ. कलेजी माह्या उंबऱ्याच्या आत येणार नाही."

मी म्हटलं, लेकरू अंगावर पितं. तर म्हणालात, "पुस्तकं वाचू वाचू तुमचं डोस्कं फिरलं, विहीणबाई. मटणानं माणूस मरते, हे तुमच्याहून जास्त कोणाले ठाऊक?"

जमनीनं माझा पदर ओढला. "याडी, भांडू नको. मी बरी हाय." लेक तुमच्या घरी नांदते, म्हणून मी तिथंच विषय सोडला. हे लिहायचंही नव्हतं.

होय, मला ठाऊक आहे. जमनीच्या बापाला यवतमाळच्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी मीठ आणि चरबीचं मटण सोडायला सांगितलं होतं. वर्षभर त्यांनी पथ्य पाळलं. मग जमनीच्या सगाईला तुम्ही बोकड कापलं. त्यांच्या पानात चरबीचे तुकडे वाढून चारचौघांत म्हणालात, "पोरगी देऊन राह्यले शंकरसिंग, अन् माह्या हातचा तुकडा चालत नाही? बकऱ्याले भेता काय?" सगळा मांडव हसला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि खाल्लं.

एका जेवणानं माणूस जात नाही. पण त्या दिवशी पथ्य मोडलं ते मोडलंच. मग जो तो वाढायचा, "व्याह्याचं खाल्लं, आमचं काहून नाही?" पुढच्या होळीला ते गेले.

त्यांच्या तेराव्याला तुम्ही माळ घातलीत. भक्तीनं घातली असेल तर मी पाया पडते. पण तुमचा चेहरा मी पाहिला होता. तुम्ही भ्यालात, भावसिंग. ज्याला खाऊ नको सांगितलं त्याला खायला लावलंत, आणि जिला खा सांगितलं तिच्या तोंडचं काढता. तुमच्या भीतीचं पथ्य माझ्या लेकीनं कायले पाळायचं?

ते गेल्यापासून मी मटण रांधलेलं नाही. मटणाचं पातेलं आढ्याला टांगलेलं होतं. आज काढून घासलं.

येत्या बाजाराला मी तुमच्या तांड्याजवळ मुकुटबनला उतरेन. कलेजी घेईन, बोकडाचं रक्त मिळालं तर ते शिजवून सळोईही करीन, तुमची आई बाळंतिणींना रांधायची तशी. तुमचा उंबरा मी ओलांडणार नाही. तुमच्या अंगणात चुलीचे तीन दगड मांडीन. जमनीला बाहेर पाठवा. नाही पाठवलंत, तर तिला आणि लेकराला घेऊन जाईन, आणि का नेते ते साऱ्या तांड्याला सांगून जाईन.

विहीणबाईंना रामराम. सरपण मी माझं आणीन.

तुमची विहीण म्हणून आजवर लिहिलं.
आज लिहिते ती जमनीची याडी,
रुपीबाई