दो सौ तीस

नाना,

गेल्या आठवड्यात आमच्या कॉलनीत नवे मीटर बसवायला माणसं आली. हे मीटर आपलं रीडिंग आपणच ऑफिसला कळवतात, घरोघर जाऊन वाचायला कुणी लागत नाही. तुम्हाला फार आवडले असते. जिन्याखाली सगळे जमून एकाच वेळी बोलत होते. हा तेज भागतो, सगळं बंद केलं तरी पळतो, कुणाच्या तरी साडूकडे कुलूपबंद घरातसुद्धा चालला. बसवायला आलेला माणूस पन्नाशीचा असेल. हातात पेचकस धरून तो भिंतीला टेकून उभा होता. तेवढ्यात कुणाची तरी नजर माझ्यावर पडली. "मैडम से पूछिए, ज़िंदगी भर फिजिक्स पढ़ाई हैं." सगळे माझ्याकडे वळले, तो माणूसही वळला. मी म्हणाले, "मुझे इसमें कुछ नहीं मालूम," आणि भाजीची पिशवी घेऊन वर निघून आले. पिशवी ओट्यावर ठेवली. तुम्हाला लिहायला हवं हे तेव्हाच कळलं होतं, तरी आठ दिवस टाळलं.

मणिकर्णिकेच्या पुढे, दूधविनायकाजवळच्या त्या घरात आपण वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. घरमालक आपलेच, मराठी, घाटावर यजमानांची कृत्यं करणारे. मी त्यांना काका म्हणायची. सबंध घराला एकच मीटर, खाली ड्योढीत, मुख्य दाराच्या आतल्या बाजूला. काळा, जडशीळ, काचेआड ॲल्युमिनियमची चकती असलेला. लाइट भाड्यातच धरलेला होता, त्यामुळे आईचा हात मोकळा असायचा. पूस-माघाच्या थंडीत आपल्या स्वयंपाकघरात सकाळपासून हीटर लाल झालेला असे. त्यावर अंघोळीचं पाणी, मग वरण, मग दूध, आणि काहीच नसलं तर आई नुसते हात शेकत बसायची. तुम्ही ऑफिसातून आलात की आधी ड्योढीत थांबून चकतीकडे वाकून बघायचात. घरातले सगळे हीटर चालू असतानाही ती अशी फिरायची, की जणू कुणाला तरी पाठीवर घेऊन चढण चढते आहे. "म्हातारी झाली," तुम्ही म्हणायचात, "दमते आता." गल्लीतल्या सगळ्याच चकत्या दमलेल्या होत्या. काहींना लोकांनी मुद्दाम दमवलं होतं. ते तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्हाला माहीत आहे हे गल्लीला माहीत होतं.

तुमचं कामच ते. मीटर तपासणे. मी सातवीत असताना एकदा तुम्ही मला तुमच्या टेस्टिंगच्या खोलीत नेलं होतं. भिंतीला ओळीने मीटर लावलेले, टेबलावर एक प्रमाण मीटर, आणि तुम्ही हातात स्टॉपवॉच घेऊन उभे. घरी कधी मोठ्याने न बोलणारे तुम्ही तिथे दोन माणसांना सूचना देत होता आणि ती ऐकत होती. मला वाटलं, हे दुसरेच कुणीतरी आहेत. बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा तुम्ही मला सुईचं मल्टिमीटर आणून दिलंत, निळ्या रेक्झिनच्या पिशवीत. आई म्हणाली, "मुलीला कुणी असलं देतं का? कानातलं तरी आणायचं." तुम्ही नुसते हसलात. आणि पहिल्याच वर्षी माझी प्रॅक्टिकलची वही तुमच्या हाती लागली. मी उत्तर पुस्तकात असतं ते तंतोतंत लिहिलं होतं.

"हे तुला आलं?"

"सगळे असंच लिहितात, नाना."

"मी सगळ्यांचं नाही विचारलं. तुला काय आलं?"

मला बरंच कमी आलं होतं. तुम्ही पेन्सिल पुढे केलीत आणि म्हणालात, "मग ते लिही. कमी आलं तर कमी. त्यात लाज कसली?" तुम्ही मला रागावलात असं म्हणायचं तर ते एवढंच. पण तुमचा आवाज असा होता, की मी रडले.

मग नवे मीटर आले. पांढरे, हलके, चकती नसलेले, आकडे दाखवणारे आणि लाल दिवा मिचकावणारे. तो दिवाच लोकांना आवडला नाही. काही चालू नसलं तरी आपल्याकडे डोळा मारतो म्हणायचे. आपली गल्ली एकजूट झाली. इथे नवीन मीटर लागू द्यायचा नाही. तुम्ही ऑफिसात म्हणालात, आधी मी राहतो त्या घरात लावा, लोक बघतील आणि मानतील. तुम्ही स्वतः एक मीटर निवडलात, तीनदा तपासलात, आणि काकांच्या ड्योढीत जुन्याशेजारी बसवलात. काका तुमच्या तोंडावर काही बोलले नाहीत. आईला मात्र म्हणाले, "वहिनी, वीस वर्षं आपण एका घरात राहिलो. उगाच वाईटपणा नको. हा मीटर राहिला तर मग भाडं वेगळं, लाइट वेगळा, सगळंच वेगळं होईल." मी गल्लीच्या तोंडाशी, नुक्कडवरून जाताना मागून आवाज यायचा, "ए मीटरवाली!" मला तेव्हा एकोणिसावं लागलं होतं. तुमची मुलगी असणं मला जड झालं होतं.

परीक्षेची कल्पना तुमचीच. लोक म्हणाले, खात्याच्या माणसाचा भरवसा काय? तुम्ही म्हणालात, मी हात लावत नाही, माझी मुलगी शास्त्र शिकते, ती वाचेल. गल्लीतले निवृत्त पोस्टमास्तर मान हलवून म्हणाले, "बिटिया पढ़िहैं, त मान लेब." मी वाचेन ते सगळ्यांनी मानायचं, असं ठरलं. आदल्या संध्याकाळी आई कणीक मळत होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "उद्या जरा विचार करून वाच. त्यांची काय, नोकरी आहे. राहायचं आपल्याला इथे आहे."

रविवारची सकाळ. घरातलं बाकी सगळं बंद केलेलं, फक्त आपला हजार वॉटचा हीटर नव्या मीटरवर लावलेला. ड्योढीत मावेनात म्हणून माणसं बाहेर गल्लीत उभी. हिशेब सोपा होता, तुम्ही आधीच सगळ्यांना समजावला होता. हजार वॉट, एक तास, म्हणजे एक युनिट. मीटरवर चार होते, तासाने पाच व्हायला हवेत. पण हे दोनशे तीस व्होल्टचं. व्होल्टेज थोडं वाढलं तरी हीटरच त्याच्या दुप्पट प्रमाणात जास्त वीज खातो, तेव्हा शेवटी व्होल्टेजही मोजायचं, हेही तुम्ही सांगितलं होतं. ते कुणी नीट ऐकलं नव्हतं. पोस्टमास्तर घड्याळ धरून बसले. तुम्ही शब्दाला जागून दूर, समोरच्या घराच्या पायरीपाशी हात मागे बांधून उभे होता.

तास भरला. मी वाकून आकडा वाचला. पाच पॉइंट दोन. एकदम गलका झाला. "देखा! तासात पाचवा हिस्सा जास्त," काका म्हणाले. कुणीतरी ओरडलं, "घोड़ा हौ घोड़ा!" तुम्ही शांत होता. तुम्हाला उत्तर ठाऊक होतं. रविवारी बाजार बंद असला की आपल्या गल्लीत व्होल्टेज चढायचं, बल्ब पांढराफेक व्हायचा. तुम्ही तिथूनच, मराठीत, आपण घरी बोलतो तसं विचारलंत, "व्होल्टेज किती आहे ते सांग गं."

मल्टिमीटर माझ्या हातात होतं. मी तारा लावल्या. सुई अडीचशेच्या रेघेवर जाऊन उभी राहिली, थरथरलीही नाही. माझ्याशिवाय ती कुणाला दिसत नव्हती. अडीचशे म्हटलं असतं तर तुम्ही पायरीवरून उतरून दोन ओळींचा गुणाकार केला असता, पाच पॉइंट दोन बरोबर ठरले असते, आणि मीटर राहिला असता. मी तारा काढल्या. तुम्ही मराठीत विचारलं होतं. मी हिंदीत उत्तर दिलं, सगळ्यांना कळावं म्हणून.

"दो सौ तीस."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मग तुमची नजर ड्योढीतल्या बल्बकडे गेली, तो कसा जळत होता ते तुम्ही पाहिलंत, आणि पुन्हा माझ्याकडे. चार पावलं चालून तुम्ही माझ्या हातातलं मल्टिमीटर घेतलं असतं तर सगळं तिथेच उघड झालं असतं. मी वाटच बघत होते. पण मग सगळ्या गल्लीदेखत तुमची मुलगी खोटी ठरली असती. तुम्ही चार पावलं चाललात, ती पेचकस घ्यायला. लोकांनी वाट करून दिली. तुम्ही स्वतःच्या हाताने मीटरचे स्क्रू काढलेत, तो वर्तमानपत्रात गुंडाळलात आणि म्हणालात, "ठीक है. ले जाते हैं."

दुपारी तुम्ही नेहमीसारखे जेवलात. आई वाढताना तुपाची धार जरा जास्त सोडत होती. हात धुताना तुम्ही माझ्याकडे पाठ करून म्हणालात, "त्या मल्टिमीटरची बॅटरी उतरली असेल. बदलून घे." मी "हो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर तुम्ही आणलेली नवी बॅटरी होती. नाना, सुईच्या मल्टिमीटरला व्होल्टेज मोजायला बॅटरी लागतच नाही. हे तुम्हीच मला शिकवलं होतं. तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं, तरी तुम्ही दुकानात जाऊन ती आणलीत. त्यानंतर तुम्ही माझी वही कधी मागितली नाही.

तुम्हाला टेस्टिंगवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं, का ते घरी कुणी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं, "बदली झाली, काम हलकं आहे." निवृत्तीपर्यंत तुम्ही तिथे तारेची बंडलं मोजलीत. तुम्हाला मणिकर्णिकेला पोचवून आल्यावर तेरावा झाला, आणि कागद आवरताना मला तुम्ही ऑफिसला दिलेल्या खुलाशाची प्रत सापडली. तुमचं ते सुवाच्य हिंदी अक्षर. लिहिलं होतं, की परीक्षणाच्या वेळी व्होल्टेजची नोंद घेण्यात माझ्याकडून हयगय झाली, जबाबदारी सर्वस्वी माझी. मी तिथे होते, मी वाचलं, यातलं काहीच नव्हतं. पूर्ण कागदात मुलगी हा शब्दच नव्हता.

दुसऱ्याच वर्षी गल्लीत पुन्हा नवे मीटर आले. या वेळी कुणी परीक्षा मागितली नाही. काकांनी पहिल्याच दिवशी लावून घेतला आणि बसवणाऱ्यांना चहा पाजला. म्हणजे मी जे वाचवलं ते एका थंडीपुरतं गरम पाणी. आईने तिच्या शेवटच्या आजारपणात एकदा विचारलं, "तेव्हा काटा खरंच तिथे होता का गं?" मी म्हणाले, "आता आठवत नाही." लग्नानंतर यांना मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा मी घाबरून गप्प राहिले असं सांगितलं. ते म्हणाले, लहान होतीस. मी ते मान्य करून टाकलं.

पण मी गप्प नव्हते राहिले आणि लहानही नव्हते. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणूनच एक गोष्ट लिहिते, जी आईला नाही सांगितली आणि यांनाही नाही. आजवर मी स्वतःची समजूत घालत आले, की मी आईसाठी केलं, घर सुटू नये म्हणून केलं, भीतीपोटी केलं. भीती होती. पण मी आकडा सांगितल्यावर ड्योढीत टाळ्या पडल्या, काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि जी माणसं मला कालपर्यंत मीटरवाली म्हणत होती ती "शाबास बिटिया" म्हणाली. तुम्ही तेव्हा पहिला स्क्रू काढत होता. लाज मला नंतर वाटली, जेवताना. त्या क्षणी, नाना, मला फार बरं वाटलं होतं.