भिंतीखालचं झाकण

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, लोकांचे कपडे शिवून पोट भरलेली अविवाहित बाई, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्या धाकट्या भावाला त्याबद्दल कायम शंका होती, पण हरकत घ्यायला तो आता नाही.

१. वडिलांच्या घराचा माझा निम्मा भाग, अंगणासह, मी माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या एकुलत्या एका मुलीला देते. तिने तिथे राहावं, नाहीतर भाड्याने द्यावं, माझं काही म्हणणं नाही. अट एकच, ती कलम ३ मध्ये आहे.

२. शिलाई मशीन आणि कात्र्या भावजयीला. तिला साधं बटण लावता येत नाही, तरी तिलाच. मोठ्या कात्रीने कागद कापू नये.

३. अंगणातल्या भिंतीबद्दल. वडील गेल्यावर वाटणीवरून आम्हा भावंडांचं वाजलं, बोलणं बंद झालं आणि अंगणाच्या मधोमध भिंत घालायचं ठरलं. नेमकं तिथेच सांडपाण्याच्या चेंबरचं लोखंडी झाकण होतं. भिंत हातभर कुणाच्या तरी बाजूला सरकवू द्या म्हणून गवंड्याने दोघांच्याही विनवण्या केल्या. मी म्हटलं, माझ्याकडे तसूभर सरकणार नाही. तिकडूनही तोच निरोप आला. गवंड्याने कपाळावर हात मारला आणि झाकणावरूनच भिंत चढवली.

वर्षं गेली. मग मोरीतून घाण पाणी उलटं वर यायला लागलं. मी फिनेल ओतत राहिले. झाकण कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक होतं, पण आधी तोंड कुणी उघडायचं? अगदीच राहवेना तेव्हा प्लंबर बोलावला. त्याने पाइपात तार घातली, ती भिंतीपाशी अडली. सगळं अंगण ठोकून झाल्यावर त्याने विचारलं, "आजी, ही भिंत कुणी बांधली?"

"दोन गाढवांनी," मी म्हटलं.

त्याने तेवढी भिंत वरपासून खालपर्यंत पाडली. झाकण निघालं. पलीकडे भाऊ काठी टेकून उभा होता, नाकाला रुमाल लावून. किती वाळला होता तो.

"ताई, वास तुझ्याकडेही येत होता?"

"येत होता."

"मग सांगायचं नाही का?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

तो हसला, हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. मग म्हणाला, "ये ना आत."

हात घाण झालेत, अंघोळ करून येते, असं मी सांगितलं. अंघोळ झाली, केस विंचरले आणि मेला तो माझा ताठा आडवा आला. एका हाकेसरशी धावत कशाला जायचं, उद्या जाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला दवाखान्यात हलवलं. तिथून तो परत आला नाही. मला याचं फार वाईट वाटतं, रोज वाटतं, आणि हे मी कुणाला बोलले नव्हते.

गवंडी भगदाड बुजवायला आला, तेव्हा भावजयीने पलीकडून आणि मी अलीकडून त्याला हाकललं. त्या बाईचं आणि माझं जन्मात एकमत झालं ते तेवढंच. तेव्हा अट अशी, की ती वाट कधीही बुजवू नये आणि झाकणावर साधी कुंडीसुद्धा ठेवू नये.

४. मी गेल्यावर मला माझ्या दारातून नेऊ नये. चार माणसांना मला उचलून जाता येईल इतकी भिंत आणखी पाडावी. भावाच्या अंगणातून न्यावं, त्याच्या खोलीत थोडा वेळ ठेवावं, मग त्याच्या दारातून बाहेर काढावं. भावजयीने आढेवेढे घेऊ नयेत. त्याने मला आत बोलावलं होतं.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर (सही) २. भिंत पाडणारा प्लंबर (सही)
स्थळ: राहतं घर
दिनांक: ९ मार्च, सोमवार